मदत हवी आहे: टीममधली विविधता आणि कामगिरी, आकडे काही बोलतच नाहीयेत

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होते, आता अडलंय म्हणून धागा काढतेय. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआरला आहे, नोकरी सांभाळून एमबीए चालूये आणि प्रोजेक्टला विषय घेतला 'मनुष्यबळातली विविधता, एचआरची धोरणं आणि कंपनीची कामगिरी'. घेतला तेव्हा वाटलं सोप्पाय, उत्तर तर माहितीच आहे, फक्त आकडे चिकटवायचे. गाईड म्हणाले छान. बॉस म्हणाले त्याहून छान, मला मॅनेजमेंटपुढे एक स्लाइड दे, विविधता वाढली की नफा वाढतो अशी. तिथेच फसले.

केलं काय ते सांगते. कंपनीत १४ टीम आहेत, साधारण ८ ते १२ जणांच्या. प्रत्येकीचा ब्लाऊ इंडेक्स, म्हणजे टीम किती मिश्र आहे त्याचा आकडा, काढला. (माहीत नसेल त्यांच्यासाठी: प्रत्येक गटाचं टीममधलं प्रमाण घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज १ मधून वजा करायची. आठांत चार बायका चार पुरुष असतील तर ०.५ येतो, एकच बाई असेल तर ०.२२ च्या आसपास, सगळे एकाच गटातले असतील तर शून्य.) लिंग, वयोगट आणि आधी कुठल्या विभागात काम केलंय, तिन्हींचा वेगवेगळा काढला. दुसऱ्या बाजूला डेडलाइन किती पाळल्या, किती काम परत करावं लागलं आणि दोन वर्षांत किती जण सोडून गेले. एक्सेलमध्ये कोरिलेशन (दोन गोष्टी किती बरोबरीने वर-खाली होतात त्याचा आकडा, -१ ते +१) काढलं तर लिंग आणि डेडलाइनचं जवळजवळ शून्य, वयाचं शून्याच्या जरा खाली, विभागाचं थोडंसं पॉझिटिव्ह. आणि सोडून जाणारे मिश्र टीममध्ये जास्त!! आता ही स्लाइड करून कुठल्या तोंडाने दाखवू?

वाचन केलं नाही असं नाही हो. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचे रिपोर्ट सगळेच देतात, मीही घेतले. २०१५ मध्ये त्यांनी लिहिलं की वांशिक विविधतेत वरच्या चतुर्थांशात असलेल्या कंपन्यांची आपल्या क्षेत्राच्या मध्यकापेक्षा जास्त परतावा मिळवण्याची शक्यता ३५ टक्क्यांनी जास्त, स्त्री-पुरुषांच्या बाबतीत १५ टक्क्यांनी. २०२३ च्या रिपोर्टात दोन्हीकडे ३९. मग २०२४ मधला ग्रीन आणि हँड यांचा पेपर सापडला, त्यांनी एस अँड पी ५०० मधल्या (म्हणजे अमेरिकेतल्या बड्या) कंपन्यांवर तेच करून पाहिलं तर संख्याशास्त्रीयदृष्ट्या दखल घ्यावी असा काही संबंधच निघेना. वरून मॅकिन्झीने नफा मोजला आधीच्या वर्षांचा आणि विविधता नंतरची! म्हणजे चांगलं चाललंय म्हणून विविधतेकडे लक्ष द्यायला फुरसत मिळाली असंही असू शकतं ना?

तर माझं मोजमाप चुकलंय, का प्रश्नच चुकलाय? आणि एचआरची धोरणं या सगळ्यात नक्की कुठे बसवायची? सबमिशनला तीन आठवडे आहेत. प्लीज मदत करा.

---

आकडेमोड:

१४ टीमवर कोरिलेशन काढून त्यातून अर्थ काढू नका, एवढ्या आकड्यांत एक विचित्र टीम इकडची तिकडे झाली की चिन्ह बदलतं. ग्राफवर १४ ठिपके टाका आणि डोळ्यांनी बघा आधी. तुमचं उत्तर मात्र जगावेगळं नाहीये. कोचन आणि मंडळींनी २००३ मध्ये चार मोठ्या कंपन्यांत शिरून हेच पाहिलं होतं, थेट परिणाम फारसा दिसला नाही, ना चांगला ना वाईट. २००७ मधलं हॉरविट्झ यांचं मेटा-ॲनालिसिसही (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला निष्कर्ष) वाचा. कामाशी निगडित विविधता (विभाग, कौशल्य) कामगिरीला मदत करते, वय-लिंगासारख्या गोष्टींचा थेट संबंध दिसत नाही. तुमच्या विभागवाल्या आकड्याचं 'थोडंसं पॉझिटिव्ह' त्याच दिशेचं आहे.

---

जुनीखुर्ची:

+१. अजून एक. तुमचा इंडेक्स आंधळा आहे. समजा एका टीममध्ये चार बायका आहेत, चारही पंचविशीच्या, चारही डिझाइनच्या, आणि समोर चार पुरुष, सगळे पन्नाशीचे, सगळे प्रॉडक्शनचे. दुसऱ्या टीममध्येही चार-चारच, पण वय आणि विभाग दोन्हीकडे मिसळलेले. तिन्ही इंडेक्स दोन्हीकडे ०.५! पहिल्या टीमला मात्र मधोमध चीर पडलेली आहे, कुठलाही वाद निघाला की त्याच चिरेवर फाटणार. लाऊ आणि मर्निघन यांनी १९९८ मध्ये याला फॉल्टलाइन म्हटलं. १४ टीम एकेक करून बघा, चीर कुठे आहे ते तुम्हाला एचआरमध्ये बसून माहितीच असेल, सॉफ्टवेअर लागत नाही त्याला.

अवांतर: स्लाइड मागणाऱ्या बॉसला शुभेच्छा.

---

मधलीसुट्टी:

एचआर कुठे बसवायचं विचारलंत ना, तर माझ्या मते मधे. विविधता आणि कामगिरी यांच्या मधे, मॉडरेटर म्हणून, म्हणजे त्या दोघांचा संबंध कमी-जास्त करणारी गोष्ट म्हणून. नुसती माणसं वेगवेगळी आणून काही होत नाही, ती आल्यावर कामं कोण वाटतं, प्रमोशन कोण ठरवतं हे बघावं लागतं. कालेव, डॉबिन आणि केली यांचा २००६ चा अभ्यास घ्या, ७०८ आस्थापनांचा १९७१ ते २००२ एवढा डेटा आहे. विविधतेवरच्या ट्रेनिंगचा परिणाम सगळ्यात कमी, मेंटरिंगचा बेताचा, आणि ठरावीक माणसावर किंवा समितीवर जबाबदारी टाकली तिथे सगळ्यात जास्त. तो मॅनेजरच्या पदांवर बायका आणि अल्पसंख्याक किती त्या प्रमाणाबद्दल आहे, नफ्याबद्दल नाही, तेवढं नीट लिहा नाहीतर व्हायवाला (तोंडी परीक्षेला) पकडतील. आणि नफ्याच्या मागे लागूच नका, नफ्यावर शंभर गोष्टींचा परिणाम होतो. माणसं टिकतात का ते बघा. ह्यूसलिडने १९९५ मध्येही एचआरच्या पद्धती आणि आर्थिक निकाल यांच्या मधे नोकरी सोडण्याचं प्रमाण आणि उत्पादकता ठेवली होती.

---

धागाकर्ती:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद! काल रात्री बसून सोडून गेलेल्यांची यादीच काढली. मिश्र टीममधून ११ जण गेलेत, त्यातले ७ जण टीममध्ये आपल्या गटाचे एकटे किंवा दोघेच होते. एकटीच तरुण, एकटाच दुसऱ्या विभागातून आलेला, असे. अर्ध्या-अर्ध्या टीममधून फार कोणी गेलंच नाहीये, फक्त एक टीम सोडून, आणि हो जुनीखुर्ची, तिथे तुमची चीर आहे, अगदी जेवायलासुद्धा दोन टेबलं.

मग एक्झिट इंटरव्ह्यू वाचले. आठ जणांच्या टीममधल्या एकट्या बाईने लिहिलंय की दीड वर्षात झालेल्या प्रत्येक मीटिंगचे मिनिट्स मीच लिहिले, कोणी सांगितलं नव्हतं, वही माझ्याकडेच सरकायची. मी शेअर्ड फोल्डर उघडून बघितलं. खरंच, एक फाइल सोडली तर सगळ्या तिच्याच नावाच्या, आणि ती एक ती रजेवर होती त्या दिवशीची. विविधतेचं ट्रेनिंग आम्ही त्या टीमला दोनदा दिलं होतं बरं का, हजेरी शंभर टक्के!

आता नवीन घोळ. हे वाक्य रिपोर्टात घालायचंय, पण त्या टीममध्ये ती एकटीच होती म्हटल्यावर कोण बोललं ते शेंबडं पोरही ओळखेल. काय करू?

---

मधलीसुट्टी:

वाक्य जसंच्या तसं घालू नका. टीमचा नंबर, आकार, कालावधी काहीच देऊ नका आणि एक्झिट इंटरव्ह्यू प्रोजेक्टसाठी वापरायची परवानगी कंपनीकडून लेखी घ्या, तिच्याशी संपर्क असेल तर तिलाही विचारा. ती नको म्हणाली तर विषय संपला. त्याऐवजी चौदाही टीमच्या फोल्डरमधून मिनिट्स कोण लिहितं ते मोजा, तो तुमचा स्वतःचा डेटा होईल आणि कोणा एकीवर बोट जाणार नाही. परवानगी मात्र त्याचीही काढा. तीन आठवड्यांत सहज होतंय.