वाचताना शब्द अडला तर तिथेच थांबून अर्थ बघायचा की पुढे जायचं?

भांडुपकर_वाचक:
माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं, घरी मराठीच बोलतो पण पुस्तकं वाचायला आत्ता लागलोय, जाता-येता लोकलमध्ये. सध्या जुन्या ग्रामीण कथा चालू आहेत आणि मनापासून आवडतायत, पण पानापानावर शब्द अडतात. उदा. "वाशांना कणसांच्या जुड्या टांगल्या होत्या". वाशां असं मोबाईलवर शोधलं तर काहीच सापडत नाही. दरवेळी थांबलं तर गोष्टीची लय जाते आणि नाही थांबलं तर काहीतरी सुटलं असं वाटत राहतं. तुम्ही काय करता?

गिरगाव_चाळ:
थांबू नकोस रे. मोबाईलमध्ये शब्द टिपून ठेव आणि पुढे जा. तुझंच वाक्य बघ ना, कणसं टांगलीत म्हणजे ती वस्तू वर कुठेतरी आहे, एकापेक्षा जास्त आहेत, भार पेलणाऱ्या आहेत, घराचाच भाग असणार. एवढं कळलं की गोष्ट अडत नाही. तोच शब्द परत परत यायला लागला तर मात्र नीट शोध.

निवृत्त_शिक्षिका_परळ:
बाळा, मूळ शब्द वासा. आढ्यापासून भिंतीकडे उतरणारं छपराचं लाकूड. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात ही म्हण ऐकली असशील, तोच हा. तुला सापडला नाही कारण कोशात मूळ रूप असतं आणि पुस्तकात सामान्यरूप, विभक्ती लागली की शब्द बदलतो. ससा-सशाला, घसा-घशात, पैसा-पैशाला, तसंच वासा-वाशांना. देऊळचं देवळात होतं, कापूसचं कापसाला, विहीरचं विहिरीत, म्हणजे दीर्घ 'ही' ऱ्हस्व होतो. हे सगळं तू बोलताना रोज बरोबर करतोस, फक्त वाचताना उलटं जायचं. शेवटचा प्रत्यय काढ आणि आपल्या ओळखीच्या कुठल्या शब्दासारखा हा चालतोय ते बघ.

कोशवेडा_दादर:
बाईंनी सांगितलंय तसं मूळ रूप काढलंस की मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश बघ. १८५७ ची आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे, अर्थ इंग्रजीत दिलेत म्हणजे तुला सोपंच जाईल आणि जुने गावाकडचे शब्द त्यात भरपूर. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशपण तिथेच आहे, तो मराठीतून मराठी, मला जास्त आवडतो कारण शब्द कुठे कसा वापरलाय त्याची उदाहरणं मिळतात.

माहीमची_मीरा:
अंदाजाबद्दल मला थोडं वेगळं वाटतं. संदर्भावरून काढलेला अर्थ कायम तपासावा. अपरोक्ष घ्या. "माझ्या अपरोक्ष ठरवलं" असं सगळे म्हणतात, म्हणजे माझ्या पाठीमागे. पण परोक्ष म्हणजे डोळ्यांआड, त्याला अ लागला की डोळ्यांसमोर, प्रत्यक्ष. वेदान्तावरचं काही वाचताना "अपरोक्ष ज्ञान" आलं आणि रोजचा अर्थ धरून पुढे गेलात तर सगळं उलटं कळणार.

भांडुपकर_वाचक:
बाई, खूप खूप आभार, वासा एकदम डोळ्यासमोर आला. आज लगेच करून बघितलं, "म्हातारी सोप्यात बसली होती", त्यावरून सोपा काढलं पण सोपा म्हणजे तर अवघड नसलेला, ते इथे बसत नाही.

निवृत्त_शिक्षिका_परळ:
रूप अगदी बरोबर काढलंस! शब्द दोन आहेत, दिसायला सारखे. हा सोपा म्हणजे घराचा पुढचा भाग, कोल्हापूर-साताऱ्याकडे म्हणतात, आपल्या कोकणातल्या ओटीसारखा. म्हातारी बसलीय म्हटल्यावर जागाच असणार, तेव्हा कोशातला तोच अर्थ घ्यायचा.