निरीक्षण विहिरींवरून टंचाई ठरवणं बंद करावं का?

टेपपट्टी:
भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा निरीक्षण विहिरींची (मोजणीसाठी ठरवून ठेवलेल्या विहिरींची) पातळी मोजते. ती मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून टंचाईचा अंदाज निघतो. विहिरी बहुतेक १०-१५ मीटरच्या, आणि गाव पाणी उपसतं १०० मीटरच्या बोअरमधून. शिवाय विहीर आटली की आकडाच नाही. चार विहिरींत पाणी ८ मीटरवर, पाचवी १२ मीटरची, ठणठणीत कोरडी. ती वगळा, सरासरी ८. तिचा तळ म्हणजे १२ धरा, ८.८. खरी पातळी त्याहूनही खाली. म्हणून म्हणतो, उथळ विहिरी सोडा आणि बोअरचे पिझोमीटर (खोल थरातली पाणीपातळी मोजायच्या नळ्या) घ्या.

गेरूचा थर:
साफ अमान्य. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग बेसाल्टचा. वर मुरूम, मग मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा बेसाल्ट), काळा पाषाण, मध्येच गेरूचा लाल मातकट पट्टा, पुन्हा तेच. साध्या बोअरला केसिंग (आतला आधाराचा पाइप) मुरुमापुरतं, खाली भोक उघडं. वरच्या मांजऱ्यातलं पाणी खालच्या फटीत गळत राहतं आणि टेपला लागते ती दोन्ही थरांची खिचडी. नीट करायचं तर एका जागी दोन-तीन स्वतंत्र भोकं हवीत. प्रत्येकात एकाच थरासमोर छिद्रांचा पाइप, भोवती बारीक खडी, वर बेंटोनाइटचं (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचं) बूच. एवढं कोण करतंय?

आणि पावसाने किती मुरलं ते उथळ थरातच कळतं. १०० हेक्टरवर पातळी २ मीटर चढली आणि खडकातून सुटणारं पाणी २ टक्के धरलं, तर ४ कोटी लिटर. हा हिशेब बोअरच्या खिचडीवर करून दाखवा.

कठडा:
दोघंही खडकावर भांडताय, घोळ मोजणीत आहे. कठड्यापासून टेप ७.४० मीटर, कठडा ०.६०, म्हणजे पाणी जमिनीखाली ६.८०. दुरुस्तीत कठडा १.१० झाला आणि वहीत ०.६०च राहिला, की पुढच्या खेपेला टेप ७.९०, नोंद ७.३०. पाणी होतं तिथेच, कागदावर अर्धा मीटर घट! मोटर नुकतीच बंद झालेली असेल तर तेही फसवं. विहीर भरून स्थिर होईपर्यंत थांबायला हवं. पाण्याच्या दाबावरून पातळी सांगणाऱ्या सेन्सरचं कौतुक असेल तर हेही ऐका: हवेचा दाब १० मिलिबारने हलला आणि भरपाई केली नाही, तर सेन्सर १० सेंटिमीटर खोटं बोलतो.

टेपपट्टी:
कठड्याचं मान्य. पुनर्भरणाला उथळ विहीर हवी, हेही. पण मेच्या टँकरचं काय? कोरड्या विहिरीचा प्रश्न तसाच राहतो.

गेरूचा थर:
सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा, घ्या.

टेपपट्टी:
८, ८, ८, ८ आणि कोरडी. मध्यकही ८च. विहीर पुन्हा गायबच की!

गेरूचा थर:
बरं, हा मुद्दा तुमचा. मग कोरडीची नोंद '१२ मीटरपेक्षा खोल' अशी ठेवा, आणि तालुक्याच्या आकड्याशेजारी '५ पैकी १ कोरडी' असं छापा. बोअर मात्र थर वेगळे केल्याशिवाय नको.