रॉकवर मराठीत पुस्तक लिहितोय, अडलोय

भुसावळकर: रेल्वेत रात्रपाळी करतो. सात वर्षांपासून हेंड्रिक्स, जॉप्लिन, मॉरिसन या अमेरिकी रॉक कलाकारांवर टिपणं काढतोय. तिघंही २७व्या वर्षी गेले, १९७०-७१ मध्ये. तीन वह्या भरल्या, पण गिटारचा ‘फीडबॅक’ मराठीत कसा लिहू?

केळीवाला, यावल: काय भो! सप्त्यात माईक कर्ण्यासमोर गेला की कूंऽऽ करतो ना, तेच. आपला मंडपवाला धावत जाऊन आवाज कमी करतो, हेंड्रिक्सनं त्यातूनच सूर काढला. आणि बंडखोरांचं लिहिताय तर साठच्या दशकातली मराठी लघुनियतकालिकं, नव्या लेखकांनी स्वतः काढलेली छोटी मासिकं, विसरू नका. त्या चळवळीतले लेखक भालचंद्र नेमाडे आमच्याच तालुक्यातले, सांगवीचे.

धुळ्याची वाचक: मरणापासून सुरुवात नको दादा, सगळे तेच करतात. वुडस्टॉक घ्या, अमेरिकेतला तो मोठा संगीत महोत्सव. १८ ऑगस्ट १९६९, सोमवारची सकाळ. हेंड्रिक्स वाजवायला उभा राहिला तेव्हा बहुतेक गर्दी घरी गेलेली. चिखल, कचरा आणि ती गिटार. नेमाड्यांना मात्र यात ओढू नका, तो वेगळा विषय.

भुसावळकर: सोमवार पक्का. कर्ण्याचं आईला वाचून दाखवलं, ती भरताची वांगी भाजत होती. म्हणे, “मग त्यानं माईक बाजूला का नाही घेतला?”