निपाहची धास्ती, रक्तदाबाची गोळी आणि धोक्याचे गणित

वाघबीळकर, ठाणे (प्रश्न)

नमस्कार. घोडबंदर रस्त्यावरील एका मोठ्या गृहसंकुलात मी राहतो. यंदा कार्यकारिणीवर असल्यामुळे आरोग्यविषयक उपक्रमाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. केरळात निपाहचे रुग्ण आढळल्याची बातमी आली की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धुमाकूळ सुरू होतो. प्रवेशद्वारावर येणाऱ्याजाणाऱ्याचा ताप मोजावा, फळवाल्याला आत सोडू नये, केरळहून परतलेल्या कुटुंबाने 14 दिवस घराबाहेर पडू नये, अशा सूचना एकामागून एक येत राहतात आणि हरकत घेणाऱ्याला बेजबाबदार ठरवले जाते.

घरीही वेगळे चित्र नाही. विमानाने कोचीला जाऊन मुन्नार पाहण्याचा बेत आम्ही रद्द केला आणि त्याऐवजी स्वतःच्या गाडीने, तेही रात्रीचा प्रवास करून, गोव्याला जायचे ठरवले. ज्यांच्या आग्रहाने हे ठरले ते माझे वडील उच्च रक्तदाबाची गोळी मात्र मनात येईल तेव्हाच घेतात, कारण त्यांना आता बरे वाटते.

मला कोणाच्या भीतीची टिंगल करायची नाही. मला एवढेच विचारायचे आहे की रोजच्या आयुष्यातले धोके आणि बातम्यांत गाजणाऱ्या साथी यांची तुलना करण्याची काही रास्त पद्धत आहे का? केवळ मृतांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की काम भागते, की त्यातही काही गफलत असते?

नेरूळचा दवाखाना

वाघबीळकर, मी नेरूळमध्ये जनरल प्रॅक्टिस करतो आणि आपण वर्णन केलेला विरोधाभास मला जवळजवळ रोज पाहायला मिळतो. सप्टेंबर 2024 मध्ये केरळात एमपॉक्सचा (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) नवा प्रकार आढळला, तेव्हा एका गृहस्थांनी त्याची लस कुठे मिळेल म्हणून माझ्याकडे बराच वेळ चौकशी केली. त्यांच्या शर्टाच्या खिशातून तंबाखूची पुडी डोकावत होती आणि तिच्याविषयी बोलण्याची त्यांची तयारी नव्हती.

आधी निपाहबद्दल. हा विषाणू 1998-99 मध्ये मलेशियात प्रथम ओळखला गेला. फळे खाणारी मोठी वटवाघळे त्याची वाहक असतात. लागण झालेल्यांपैकी 40 ते 75 टक्के रुग्ण दगावतात, आणि मान्यताप्राप्त लस अद्याप नाही. त्यामुळे हा आजार भयंकर आहे यात शंका नाही. परंतु तो कोणाला होतो, हेही पाहायला हवे. 2018 मध्ये कोझिकोड आणि मलप्पुरम या जिल्ह्यांत 17 जणांचा बळी गेला, तेव्हा माणसाकडून माणसाला झालेली लागण मुख्यतः रुग्णालयात किंवा रुग्णाची अगदी जवळून शुश्रूषा करताना झाली होती. पेरांब्राच्या परिचारिका लिनी पुथुसेरी यांचा मृत्यू अशाच सेवेतून ओढवला. मुन्नार तिथून रस्त्याने दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. चहाचे मळे पाहून परतणाऱ्या कुटुंबाला संकुलाच्या फाटकावर अडवण्यात वैद्यकीय अर्थ काहीच नाही.

आता आपल्या वडिलांकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार भारतात 30 ते 79 या वयोगटातील सुमारे 19 कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांपैकी निदान झालेले जेमतेम 37 टक्के, औषध घेणारे 30 टक्क्यांच्या आसपास आणि रक्तदाब खरोखर आटोक्यात असलेले अवघे 15 टक्के आहेत. वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, चक्कर आणत नाही, झोपही उडवत नाही. तो मेंदूच्या, हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांवर वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करतो आणि एखाद्या सकाळी पक्षाघात होऊन माणूस कोसळतो. औषध चालू असल्यामुळे दाब ताब्यात राहतो आणि तो ताब्यात राहिला म्हणून औषध सोडले जाते, ही साखळी मी किती घरांत पाहिली असेल त्याची गणती नाही.

पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये असे मांडले होते की धोक्याची भीती वाटण्यामागे मृतांच्या संख्येपेक्षा दोन गोष्टी अधिक काम करतात: त्या धोक्याविषयी वाटणारी दहशत आणि त्याचे अनोळखीपण. निपाहमध्ये दोन्ही ठासून भरले आहे. जेवणातल्या मिठात यांपैकी काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ खाण्याचा सल्ला देते. लोणचे, पापड, फरसाण आणि वेफर्स असलेल्या आपल्या ताटात ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि त्याची बातमी कधी होत नाही.

ऐरोलीचा आकडेमोड्या

डॉक्टरांशी मी बव्हंशी सहमत आहे. मात्र प्रश्नातल्या शेवटच्या वाक्याचे उत्तर अजून आलेले नाही, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. नुसते मृतांचे आकडे शेजारी ठेवल्याने काम भागत नाही, उलट कधीकधी जबर फसगत होते.

रस्त्यांचे उदाहरण घेऊ. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 लोक मृत्युमुखी पडले, म्हणजे दिवसाला सरासरी 460 हून अधिक. हा आकडा एका वर्षी दहापट होण्याचा संभव नसतो, कारण एका अपघातातून पुढचे दोन आणि त्या दोनांतून चार अपघात जन्माला येत नाहीत. संसर्गाचे तसे नसते. शंभर रुग्ण दर तीन दिवसांनी दुप्पट होत गेले, तर तीस दिवसांत ते एक लाखाच्या पुढे जातात. फेब्रुवारी 2020 मध्ये जगभरातले अनेक शहाणेसुरते लोक सांगत होते की या नव्या विषाणूपेक्षा साधा फ्लू अधिक माणसे मारतो. त्या दिवशीच्या आकड्यांपुरते ते खरेही होते. पुढे भारतात अधिकृत नोंदींनुसारच 5 लाखांहून अधिक लोक कोविडने गेले. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 आणि 2021 या दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यूंचा, म्हणजे एरवी झाले असते त्याहून जास्त झालेल्या मृत्यूंचा, अंदाज 47 लाख असा दिला, जो भारत सरकारने अमान्य केला. कोणताही आकडा धरा, आजवर किती दगावले एवढ्यावरून साथीचे मोजमाप करणे धोक्याचे ठरले.

म्हणून साथीच्या बाबतीत मी पहिला प्रश्न असा विचारतो की एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देतो. आजवरच्या उद्रेकांत निपाहचे हे प्रमाण एकापेक्षा कमी राहिले आहे. त्यामुळे रुग्ण वेगळे ठेवले आणि संपर्कातील लोक शोधले की त्याची साखळी विझते, आणि 2018 नंतरही केरळात ती पुन्हा पुन्हा विझवण्यात आली. विषाणू बदलू शकतो हे खरे आणि म्हणून आरोग्य खात्याने त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे योग्यच आहे. पण ते काम खात्याचे आहे, संकुलाच्या वॉचमनचे नव्हे. याउलट लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण 12 ते 18 जणांना लागण करू शकतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत आणि आपल्याच जिल्ह्यातील भिवंडीत गोवराचा उद्रेक झाला होता. त्या वेळी फळवाल्याला अडवण्याची सूचना कोणी केल्याचे मला आठवत नाही, कारण गोवर हा घरचाच आजार वाटतो.

दुसरी गफलत सरासरीची. लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे 12 रस्ते-मृत्यू, हा आकडा कोणा एकाचा नसतो. न्हावाशेव्याहून गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या गर्दीत, घोडबंदर रस्त्यावरील गायमुखच्या चढावर, पावसाळ्यातल्या खड्ड्यांतून दुचाकी हाकणाऱ्या मुलाचा धोका आणि त्याच इमारतीत घरी बसलेल्या आजीचा धोका एक नव्हे. त्या मुलाने हेल्मेट घातले तर अपघातात मृत्यू येण्याची शक्यता सुमारे 42 टक्क्यांनी कमी होते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले आहे.

आता सहलीविषयी थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेतील कितीतरी लोकांनी विमान टाळून मोटारीने प्रवास केला. गेर्ड गिगेरेंझर या संशोधकाच्या अंदाजानुसार त्यामुळे पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे दीड हजार मृत्यू अधिक झाले. निपाहला घाबरून विमान सोडणे आणि रात्रभर गाडी चालवत गोवा गाठणे, हा व्यवहार त्याच जातीचा आहे. गोव्याला जरूर जा, पण दिवसा जा, आणि मागच्या आसनावर बसणाऱ्यांनीही पट्टा लावा.

दिव्याची सकाळची गाडी

वरील चर्चा उत्तम आहे, तरी एक गोष्ट खटकली. रोजचे धोके म्हणजे माणसाने स्वतःहून पत्करलेले धोके, असा सूर त्यात नकळत येतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक लोक मरतात. रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून होणारे मृत्यू त्यांत मोठ्या संख्येने असतात. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही जण जागीच गेले. दिवा स्थानकात सकाळी गाडीत पाय ठेवायला जागा नसते. दारात उभा राहणारा हौसेने उभा राहत नाही, त्याला हजेरी गाठायची असते. त्यामुळे तुलना करताना कोणता धोका माझ्या हातात आहे आणि कोणता रेल्वेच्या, महापालिकेच्या किंवा सरकारच्या हातात आहे, हेही नोंदवावे. नाहीतर हे सगळे गणित गरिबालाच चार शब्द सुनावण्यासाठी वापरले जाते.

निवृत्त आरोग्यसेविका, कळवा

दिव्याच्या दादांचे म्हणणे मला पटले. माझी बरीचशी नोकरी कळवा-मुंब्रा भागातल्या वस्त्यांत क्षयरोगाच्या रुग्णांमागे फिरण्यात गेली. भारतात दरवर्षी सुमारे 28 लाख लोकांना नव्याने क्षयरोग होतो आणि सुमारे 3 लाख लोक त्याने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हवेतून पसरणारा आणि औषधाने बरा होणारा हा आजार आहे. तरी त्याची भीती वाटते ती फक्त शेजाऱ्यांना कळेल याची. सहा महिन्यांच्या औषधांपैकी दोन महिन्यांची घेतली की खोकला थांबतो, वजन वाढते, भूक लागते आणि रुग्ण गावी निघून जातो. तो परत येतो तेव्हा नेहमीची औषधे त्याला लागू पडेनाशी झालेली असतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

साथ आणि रोजचा आजार हे दोन वेगळे कप्पे नाहीत, एवढे मला सांगायचे आहे. 2019 मध्ये देशात क्षयरोगाच्या सुमारे 24 लाख रुग्णांची नोंद झाली होती, ती 2020 मध्ये 18 लाखांवर आली. आजार कमी झाला नव्हता. माणसे दवाखान्यापर्यंत पोहोचत नव्हती आणि आम्ही सगळे कर्मचारी कोविडच्या कामाला जुंपलेले होतो. खोकणारा माणूस कोविडच्या चाचणीत निगेटिव्ह आला की सुटकेचा श्वास टाकून घरी जात असे, आणि त्याच्या थुंकीची तपासणी करायला हवी हे कोणाच्या ध्यानातही येत नसे.

जाता जाता कुत्रा चावण्याविषयी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. या हिशेबाने तो निपाहहूनही घातक आहे. तरीही लोक जखमेवर हळद, चुना, तिखट लावून बसतात. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. ही सूचना आपल्या ग्रुपवर अवश्य टाका, कारण संकुलाच्या फाटकाबाहेर कुत्री असतातच.

वाघबीळकर, ठाणे

सर्वांचे आभार. फाटकावर ताप मोजण्याचा ठराव मी पुढील बैठकीत मांडू देणार नाही. मुलांच्या गोवर लसीच्या नोंदी पालकांनी तपासाव्यात आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या कोणीही, त्यांत घरकाम करणाऱ्या ताई आणि सुरक्षारक्षकही आले, जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी, असे आवाहन करण्याचा विचार आहे. तपासणीमुळे कोणाचे काम सुटणार नाही, हेही त्यात लिहून घेणार आहे. क्लबहाउसमध्ये एका रविवारी रक्तदाब तपासणी ठेवायची आहे. डॉक्टर, मागच्या वेळी लोक मैदानात चालून तसेच रांगेत उभे राहिले, प्रत्येकाचा दाब वाढलेला निघाला आणि कोणीच ते मनावर घेतले नाही. हे कसे टाळावे?

नेरूळचा दवाखाना

रांग लावू नका, खुर्च्या मांडा. तपासणीपूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू आणि व्यायाम नको, मूत्राशय रिकामे असावे आणि खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसू द्यावे. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला ठेवावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, शर्टाच्या बाहीवरून नव्हे, आणि जाड दंडासाठी मोठा पट्टा वेगळा आणावा, कारण लहान पट्ट्याने दाब खोटाच जास्त दिसतो. मोजणी चालू असताना गप्पा बंद ठेवाव्यात. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे आणि तारीख कागदावर लिहून द्यावी. आकडा 140/90 किंवा त्याहून अधिक आला तर तिथेच गोळी सुचवू नये. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून ती नोंद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे. घरच्या मोजणीत सरासरी 135/85 च्या वर राहिली तर उपचाराचा विचार होतो.

वडिलांना त्या दिवशी मोजणीच्या टेबलावर नोंदी लिहायला बसवा. दुसऱ्यांचे आकडे उतरवून घेणारा माणूस स्वतःचा दाब मोजून घ्यायला सहसा नाही म्हणत नाही.