रात्रीची दोन ते चार: पोरं नाजूक झाली का उस्ताद आळशी?

गणपत_सोलापूरकर
परवा आपल्या माजी सैनिकांच्या गटात एका सुभेदारसाहेबांनी टाकलं होतं, "आम्ही सलग चार-चार तास संतरी उभे राहिलो, कुणी विचारलं नाही. आता गार्ड कमांडर 'जेवलास का, झोपलास का' करत फिरतो. फौज आहे का अंगणवाडी?" खाली जय हिंदचा पाऊस. मीही अंगठा देऊन मोकळा होणार होतो, पण राहवलं नाही.

संतरीला दोन तास ड्यूटी, चार तास आराम. कागदावर झकास. त्या चार तासांत घोंगडीत ऊब यायला अर्धा तास, आणि पुढच्या रिलीफआधी, म्हणजे पाळी बदलायच्या आधी, पंधरा मिनिटं कुणीतरी पायाचा अंगठा धरून हलवणारच. उरलेली झोप बूट घालून.

जानेवारी २०१०, जम्मूकडे क्वार्टर गार्ड, म्हणजे युनिटची मुख्य पहारा चौकी. मी नायक, गार्ड कमांडर, म्हणजे पोरांचा उस्ताद. दोनच्या रिलीफला सांगोल्याकडच्या पोराला उठवायला गेलो तर घोंगडीची घडी मोडलेलीच नाही. मेसटिनमध्ये रोट्या तशाच, वर भाजीचं तेल थिजलेलं. "जेवला नाहीस?" "भूक नाही उस्ताद." तीनदा विचारलं तेव्हा बोलला. डाळिंबावर तेल्या पडून बाग गेली, बाप सकाळपासून घरी नाही. असं पोरगं भरलेली मॅगझीन घेऊन अंधारात दोन तास एकटं उभं करायचं? त्याची दोन ते चार मी काढली, त्याला बडीजवळ, म्हणजे त्याच्या जोडीदाराजवळ बसवलं. सकाळी कळलं, बाप पंढरपुरात वाळवंटात बसलेला सापडला.

विचारलं नसतं तर? अंगणवाडी म्हणे.

सुभेदार_होटगी_रोड (निवृत्त)
माझं नाव न घेता माझ्यावरच लिहिलंय, ते कळतं. पोराच्या बापाचं वाईट वाटलं. पण गार्ड कमांडर स्वतः पोस्टवर उभा राहिला, मग गार्ड कुणाच्या ताब्यात? त्या दोन तासांत फायर आला असता तर स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांना हत्यारासह तयार व्हायचा हुकूम, कोण देणार होतं? तिसरा संतरी उठवायचा होता. ड्यूटीवरच्या जेसीओला, म्हणजे वरच्या सुभेदार-नायब सुभेदाराला, कळवलं का? यालाच मी अंगणवाडी म्हणतो. भावना आली की ड्रिल गेलं.

गणपत_सोलापूरकर
नव्हतं कळवलं. सकाळी साहेबांनी चांगला रगडला मला. तेवढं तुमचं बरोबर. पण त्याच साहेबांनी दुपारी पोराची सुट्टी मंजूर करून आणली, तेही लिहितो.

बार्शी_लाईट
मी फौजेतला नाही, मोठा भाऊ होता. डेहराडूनच्या लष्करी अकादमीत १९३२ साली तेव्हाचे सरसेनापती चेटवूड बोलून गेले ते वाचलंय: आधी देश, मग हाताखालचे जवान, स्वतःचं सगळ्यात शेवटी, कायम. म्हणजे जवानाला जेवलास का विचारणं ही ड्यूटीच झाली की.

सुभेदार_होटगी_रोड (निवृत्त)
ते भिंतीवर इंग्रजीत आहे हो. आम्ही त्या भिंतीखाली संतरी म्हणून उभे राहणारे.

रात्रपाळीची_सिस्टर
पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, हात थंड पडतात, डोळा उघडा असून दिसत नाही. याला नाजूकपणा म्हणत नाहीत दादा. मी वॉर्डात त्याच वेळी सलाईनची बाटली दोनदा वाचते. आणि आम्हाला कोण विचारतं जेवलीस का म्हणून? डबा सकाळी तसाच घरी येतो, सासूबाई म्हणतात भाकरी वाया घालवली.

अग्निवीराचा_बाप
तुम्ही सगळे जुन्या फौजेचं बोलताय. तुम्हाला वर्षाला ६० दिवस वार्षिक सुट्टी, वर ३० कॅज्युअल. माझ्या पोराला वर्षाला ३० दिवस, मिळून. चार वर्षांनी पंचवीस टक्केच राहणार हे २०२२ पासून सगळ्यांना ठाऊक. बॅरेकमधल्या चार खाटांतली एक राहणार म्हटल्यावर पोरं एकमेकांची बडी होतील का हिशेब धरतील? आणि चार वर्षांनी जाणाऱ्यावर उस्ताद तरी किती जीव लावणार?

गणपत_सोलापूरकर
काका, उस्ताद लावतो. पोस्टवर कुणी टक्केवारी बघत नाही. पुढे काय होईल ते मात्र मी काय सांगणार.

लान्सनायक_वॉचमन
तुम्ही दोन तासांवर भांडताय होय? मी सतरा वर्षं काढून आलो. आता रात्री आठ ते सकाळी आठ, एटीएमबाहेर. बारा तास. रिलीफ नाही, बडी नाही, बसायला खुर्ची होती ती पण काढली, म्हणाले झोपता. लघवीला जायचं तर समोरच्या पंपावर. फौजेत निदान पहाटे फ्लास्कमधून चहा यायचा.

बार्शी_लाईट
आमचे वडील मिलमध्ये तिसऱ्या पाळीला. भोंगा वाजला की सुटले. आठ तास म्हणजे आठ तास. मिल बंद पडल्या आणि सोलापूर बारा तासांवर आलं.

लान्सनायक_वॉचमन
आणि गंमत ऐका. ही बारा तासांची पोस्ट लावणारा एजन्सीवाला आपलाच, फौजेतला. सकाळी फोन करून विचारतो, "युनिफॉर्म इस्त्रीचा होता ना?" जेवलास का, हे कधी नाही.

गणपत_सोलापूरकर
सुभेदारसाहेब, तुमची पण एजन्सी आहे ना? माणसं किती तासांची लावता?

सुभेदार_होटगी_रोड (निवृत्त)
विषय भरकटवू नका.

शेंगा_चटणी
काय बोललालाव साहेब, विषय हाच हाय की! दोन तासांवर नाक मुरडायचं आन् बारा तासाला माणूस उभा करायचा?

सुभेदार_होटगी_रोड (निवृत्त)
तोंड सांभाळून बोला. आठ तासांचे तीन गार्ड मागितले तर पार्टी म्हणते दोघांतच भागवा, नाहीतर दुसरी एजन्सी आहे. मी नाही म्हटलं तर ही पोरं घरी बसतील. आठ वर्षं पोटं भरतोय मी बावीस जणांची. एसी खोलीत बसून लिहिणं सोपं आहे.

शेंगा_चटणी
एसी कुठला, पत्र्याखाली बसलोय, कपाळाचा घाम फोनवर पडलालाय.

रात्रपाळीची_सिस्टर
बारा तासांत एक तासाची सुट्टी तर देता येईल ना काका? शेजारच्या दुकानाचा वॉचमन बघेल तेवढा वेळ. आम्ही वॉर्ड असाच एकमेकींवर सोडतो.

सुभेदार_होटगी_रोड (निवृत्त)
बघतो. शब्द देत नाही. आणि गणपत, एक सांगतो, कुणाला पटो न पटो. ८८ साली मी रंगरूटातून नुकताच बटालियनला आलो होतो, धुक्यात पहाटेची ड्यूटी. पाय बधिर झालेले, सांगायची लाज वाटली. एका हवालदाराने न विचारता माझे बूट उतरवून ओले मोजे काढले आणि स्वतःचे दिले. रागावतच होता, शिव्या देत होता. आता त्याला विचारपूस म्हणायचं का, मला माहीत नाही.

गणपत_सोलापूरकर
तुम्ही परवा "कुणी विचारलं नाही" लिहिलं होतं साहेब.

सुभेदार_होटगी_रोड (निवृत्त)
विचारलं नाहीच. मोजे दिले.

लान्सनायक_वॉचमन
साहेब, मी सात रस्त्याजवळ असतो. मोजे आहेत. चहा आणला तर बरं होईल.

सुभेदार_होटगी_रोड (निवृत्त)
साडेपाचला फिरायला निघतो, फ्लास्क घेऊन येईन.

लान्सनायक_वॉचमन
साडेपाचला झोप गेलेली असते साहेब. तीनला या.