बाबांना पेन्शन, मला एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना). हे बरोबर हाय का?

मी करवीर तालुक्यात शिक्षक, 2008 ला लागलो. बाबाही शिक्षकच, त्यांना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. माझ्या पगारातनं दरमहा 10 टक्के कापतात, सरकार 14 घालतं, हातात किती पडणार ते बाजार ठरवणार. का? तर 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलो म्हणून. जेवताना विषय काढला तर बाबा म्हणाले, "मग मी परत देऊ काय?" (माझ्या गाडीचा हप्ता तेच भरतात, हे पण खरं.)

उत्तर 1: सर, तुमचं 14 तरी हाय. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत 22 वर्षं काढली. ईपीएस-95 (पीएफवाल्या कामगारांची पेन्शन योजना) ची पेन्शन दोन हजाराच्या आसपास, त्यावर महागाई भत्ता नाही. 2014 पासनं किमान 1000 ठरलंय, तेवढंच. म्हातारा मी पण हाय की ओ!

उत्तर 2: वय 26, डिलिव्हरी करतो. पीएफच नाही, पेन्शन कुठली? जुनी पेन्शन परत आणली तर तिचे पैसे आमच्याच करातनं जाणार. पेट्रोलवर भरतोयच की.

मूळ प्रश्नकर्ता: काका, बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यांना रविवारी चहाला बोलव."