शब्दचर्चा: 'नकबा'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा

पॅलेस्टिनवरचा एक लेख मराठीत आणते आहे आणि 'नकबा' या अरबी शब्दापाशी अडले आहे. कोशात अरिष्ट, घोर संकट, आपत्ती असे अर्थ मिळतात. पण 'आपत्ती' म्हटलं की पूर, भूकंप आठवतो. १९४८ साली, इस्रायल स्थापन झालं त्या काळात, सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरादाराला मुकले, चारशेच्या वर गावं ओस पडली, ते काही आभाळातून कोसळलं नव्हतं. शिवाय माझ्या कच्च्या खर्ड्यात '१५ मे रोजी नकबा दिन साजरा होतो' असं वाक्य उतरलंय, तेही खटकतंय.

उत्तर

'साजरा' आधी काढा. सण साजरा होतो, दुखवटा पाळतात. 'नकबा दिन पाळतात' हेच बरोबर. १४ मे १९४८ ला इस्रायलची स्थापना जाहीर झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची ही तारीख. पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांनी ती १९९८ मध्ये अधिकृत केली, आणि संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस पहिल्यांदा पाळला तो थेट २०२३ मध्ये.

शब्द मात्र तसाच ठेवा, अनुवाद नको. अरबीत तो १९४८ च्या आधीपासून आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज आणि फ्रेंचांनी अरब मुलूख वाटून घेतला, ते १९२० सालही 'नकबाचं वर्ष' म्हणून ओळखलं जाई. १९४८ च्या ऑगस्टमध्ये बैरूतचे इतिहासकार कॉन्स्टन्टाइन झुरैक यांनी 'नकबाचा अर्थ' या नावाची पुस्तिका लिहिली. त्यांच्या डोळ्यांपुढे साऱ्या अरबांचा पराभव होता. पुढे गावातून उठलेल्या माणसांनी तो शब्द आपलासा केला. आता नकबा म्हणजे त्यांची घरं, त्यांचं परसातलं झाड.

लिंग विचाराल तर अरबीत तो स्त्रीलिंगी. पण किल्ला आणि मोहल्लाही तिकडे स्त्रीलिंगीच आहेत, आपल्याकडे येऊन पुल्लिंगी झाले. तेव्हा 'तो नकबा'. फक्त 'नकब्याचा' करू नका, विशेषनामासारखा 'नकबाचा' राहू द्या.

एक शंका

'आपत्ती'त करणारा दिसत नाही म्हणता, पण मूळ अरबी शब्दात तरी तो कुठे दिसतो? तिथेही अर्थ अरिष्टच.

उत्तर

शंका रास्त आहे. म्हणून नामावर सगळा भार टाकू नये, क्रियापदाकडे बघावं. मराठीत 'गाव उठलं' आणि 'गाव उठवलं' यांत केवढं अंतर आहे, हे धरणाखाली गेलेल्या कुठल्याही गावच्या माणसाला विचारा. १९४८ मध्ये दोन्ही झालं. कुणी हल्ल्याच्या भीतीने निघाले, कुणाला बंदुकीच्या धाकाने काढलं. लिद्दा आणि रामला ही शहरं जुलैत इस्रायली सैन्याने अशीच रिकामी करवली. पण निघणं कसंही झालेलं असो, 'परत येऊ दिलं नाही' हे क्रियापद सगळ्यांना लागू आहे. ते लेखात आलंच पाहिजे.

इक्रितचं उदाहरण घ्या. लेबनॉनच्या सीमेजवळचं ख्रिस्ती गाव. नोव्हेंबर १९४८ मध्ये सैन्याने सांगितलं, दोन आठवड्यांसाठी बाहेर पडा. १९५१ च्या जुलैमध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने परतायला परवानगी दिली. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सैन्याने घरं सुरुंगाने उडवली. चर्च तेवढं उभं राहिलं. गावकरी इस्रायलचे नागरिक आहेत, आपली माणसं तिथे पुरू शकतात, पण तिथे राहू शकत नाहीत. याला 'स्थलांतर' म्हणणं मला जमणार नाही.

आणखी एक शब्द सुचवतो. देशातच राहिले, पण घरापासून तुटले, अशांची मालमत्ता १९५० च्या कायद्याने 'गैरहजरांची' ठरली. त्यांना अरबीत म्हणतात 'हाजिर गायब'. दोन्ही शब्द आपल्याच घरातले आहेत. शाळेच्या हजेरीत ज्याने 'हजर' म्हटलंय, त्याला हा अन्याय तळटीपेशिवाय कळेल. तसाच 'हक्क'. परतीच्या हक्काला ते 'हक्क अल-औदा' म्हणतात. डिसेंबर १९४८ च्या १९४ क्रमांकाच्या ठरावात संयुक्त राष्ट्रांनी परतीची मागणी नोंदवली आहे.

छोटी भर

निर्वासितांच्या वस्तीला अरबीत 'मुखय्यम' म्हणतात, त्याला छावणी न म्हणता कॅम्प म्हणा. मूळ अर्थ तंबूंचा तळ, पण बलाता (वेस्ट बँक), शतीला (बैरूत) या पॅलेस्टिनी वस्त्यांत आता चिणून बांधलेल्या सिमेंटच्या इमारती आहेत. उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधी निर्वासित बराकींत राहिले, पुढे तिथे पक्क्या इमारती झाल्या, तरी पत्त्यात 'कॅम्प नंबर ३' उरलं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे: उल्हासनगरकर नागरिक झाले. लेबनॉनमधल्या कॅम्पात जन्मलेली तिसरी-चौथी पिढी अजून निर्वासितच आहे, कितीतरी व्यवसाय त्यांना बंद आहेत.

विचारणा करणारीकडून

सगळ्यांचे आभार. 'नकबा' ठेवते, 'पाळतात' करते, 'स्थलांतरित' जिथे जिथे आहे तिथे 'उठवलेले'. एकच उरलं: लेखात शेवटी 'अल-नकबा अल-मुस्तमिर्रा', म्हणजे अजून सुरूच असलेला नकबा, असं येतं. गाझातले बहुसंख्य लोक मुळात १९४८ च्या निर्वासितांची मुलं-नातवंडं, आणि ऑक्टोबर २०२३ नंतर तिथल्या दहातल्या नऊ जणांना पुन्हा घर सोडावं लागलं, काहींना दहा-दहा वेळा. २०२५ च्या सुरुवातीला वेस्ट बँकेतले जेनिन आणि तुलकर्मचे कॅम्पही रिकामे करवले. 'चालू नकबा' कानाला बरं वाटत नाही, 'अखंड' फार देवळातलं वाटतं. 'न थांबलेला नकबा' कसं वाटतं?

उत्तर

तेच ठेवा.